विजेचा डॉक्टर

भिवंडीत वीज ही नुसती सोय नाही, ती पोट आहे. घरातला दिवा गेला तर माणूस मेणबत्ती लावतो. मागाची वीज गेली तर चूल थंडावते. धामणकर नाका असो की वंजारपट्टी नाका, आसपासच्या कुठल्याही गल्लीत शिरावे, पत्र्याच्या छपराखालून यंत्रमागांची खटखट कानावर येते. ती थांबली तर इथल्या माणसाला शांत वाटत नाही, धास्ती वाटते. बारा-बारा तासांच्या पाळ्या, अंगात बनियन, कमरेला लुंगी, घामाने निथळणारे अंग, कापसाच्या धुळीने माखलेले खटके आणि डोक्यावरून गेलेल्या वायरी. अशा जागी कधीतरी कुणाला शॉक लागतोच. बहुतेक वेळा माणूस हात झटकतो, दोन शिव्या हासडतो आणि पुन्हा मागावर उभा राहतो. कधी मात्र तो उभा राहत नाही.

मी याच शहरात लहानाचा मोठा झालो. शॉक लागून पडलेल्या माणसाचे तळवे चोळायचे, तोंडावर पाणी मारायचे, मिळेल त्या वाहनात घालायचे आणि देवाचे नाव घेत दवाखान्याकडे पळायचे, एवढीच आम्हा लोकांची वैद्यकी होती. त्या माणसाच्या छातीत नेमके काय बिघडते, आणि ते बिघडलेले तिथल्या तिथे दुरुस्त करता येईल का, हा प्रश्न आमच्यापैकी कुणाला पडल्याचे मला आठवत नाही. हा प्रश्न आयुष्यभर उराशी धरून बसलेला एक माणूस मात्र होऊन गेला. त्याचे नाव विल्यम कोवेनहोव्हन. गंमत अशी, की हे गृहस्थ डॉक्टर नव्हते. ते विजेचे इंजिनिअर होते.

आज विमानतळावर किंवा एखाद्या मोठ्या मॉलमध्ये भिंतीवर अडकवलेली एक छोटी पेटी दिसते. तिच्यावर हृदयाचे चित्र आणि त्यात विजेची नागमोडी रेघ असते. तिला डिफिब्रिलेटर म्हणतात. बंद पडू पाहणाऱ्या हृदयाला विजेचा धक्का देऊन पुन्हा तालावर आणणारे ते यंत्र. आणि छातीवर दोन्ही हातांनी दाब देऊन माणसाला जगवण्याची रीत तर आता शाळेतल्या मुलांनाही शिकवतात. ही पेटी आणि ही रीत, दोन्हींच्या इतिहासात या माणसाचे नाव मोठ्या अक्षरांत आहे. दोन्हींचा शोध लागला तो विजेच्या खांबावर चढून मरणाऱ्या गरीब कामगारांच्या निमित्ताने. म्हणूनच मला ही गोष्ट आपल्या भिवंडीची वाटते.

बाल्टिमोरचे मास्तर

कोवेनहोव्हन यांचा जन्म १३ जानेवारी १८८६ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. आडनाव डच वळणाचे. ब्रुकलिन ही मुळात डच लोकांनी वसवलेली वस्ती. विल्यम जन्मले त्याच्या चारच वर्षे आधी, १८८२ मध्ये, एडिसनने न्यूयॉर्कमध्ये पहिले मोठे वीजकेंद्र सुरू केले होते. म्हणजे वीज आणि हा मुलगा जवळजवळ बरोबरीनेच वाढले. ब्रुकलिनच्या पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी विजेच्या आणि यंत्रांच्या इंजिनिअरिंगचे शिक्षण घेतले. पुढे ते जर्मनीत कार्ल्सरूह येथे गेले आणि १९१३ मध्ये इंजिनिअरिंगची डॉक्टरेट घेऊन परतले. १९१४ मध्ये बाल्टिमोर शहरातल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ते शिकवायला लागले आणि अखेरपर्यंत तिथलेच झाले.

बाल्टिमोरविषयी एक गोष्ट भिवंडीकरांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. विद्यापीठाच्या शेजारच्याच हॅम्पडेन-वुडबेरी भागात कापडगिरण्या होत्या. जहाजांच्या शिडांसाठी लागणारे जाडजूड सुती कापड तिथे निघे आणि एकेकाळी त्या मालात बाल्टिमोरचा हात धरणारे जगात दुसरे गाव नव्हते. माग, धोटा, सूत आणि मजूर हे दृश्य त्या गावालाही नवे नव्हते.

विजेच्या तारांतून दाब कसा मोजावा, तारांवरचे वेष्टण कधी आणि का निकामी होते, हे कोवेनहोव्हन यांचे मूळचे विषय. काटेकोरपणे मोजावे, नोंदवावे, पुन्हा मोजावे, असा त्यांचा खाक्या. असा माणूस निवृत्तीपर्यंत शिकवत राहिला असता, विद्यार्थ्यांनी त्याला हार घातला असता आणि जग त्याला विसरले असते. पण विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात एक वेगळेच काम त्यांच्या दाराशी येऊन उभे राहिले.

खांबावरची माणसे

अमेरिकेत त्या काळी घरोघर वीज पोहोचत होती. खांब उभे राहत होते, तारा ओढल्या जात होत्या आणि त्या ओढणारे लाइनमन मरत होते. वीज कंपन्यांना याची चिंता वाटू लागली. त्यांनी पैसे दिले आणि जॉन्स हॉपकिन्समधल्या तज्ज्ञांकडे १९२८ च्या सुमारास काम सोपवले: विजेच्या धक्क्याने माणूस मरतो तो नेमका कशाने, आणि त्याला वाचवता येईल का? शरीरशास्त्राचे डोनाल्ड हूकर आणि मज्जासंस्थेचे ऑर्थेलो लँगवर्दी हे दोघे डॉक्टर. त्यांना विजेतले कळणारा एक माणूस हवा होता. तो मिळाला कोवेनहोव्हन यांच्या रूपाने.

पुष्कळांची समजूत अशी असते, की शॉकने माणूस जळून मरतो. जास्त दाबाच्या तारेला चिकटलेला माणूस भाजतो हे खरे. परंतु कितीतरी कामगारांच्या अंगावर भाजल्याची खूण नावापुरतीच असे आणि तरीही ते मेलेले असत. याचे कारण या मंडळींनी आधी उंदरांवर आणि मग कुत्र्यांवर प्रयोग करून तपासले. त्या मुक्या प्राण्यांचे ऋण वैद्यकशास्त्रावर फार मोठे आहे.

हृदय हा मूळचाच विजेवर चालणारा स्नायू आहे. त्याच्या वरच्या भागात पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तो मिनिटाला साधारण सत्तर वेळा विजेचा अगदी सूक्ष्म इशारा देतो आणि त्या इशाऱ्यासरशी सगळे हृदय एकदम आवळते. भजनात पखवाजवाला ठेका धरतो आणि सगळे टाळकरी त्या ठेक्यावर टाळ वाजवतात, तसे हे आहे. बाहेरची वीज छातीतून गेली, अगदी एका अँपिअरचा दहावा हिस्सा जरी गेली, तरी हा ठेका मोडू शकतो. मग प्रत्येक टाळकरी आपल्याच तालावर वाजवू लागतो. आवाज भरपूर, भजन मात्र नाही. हृदयाचा प्रत्येक धागा वेगवेगळा थरथरतो आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. या थरथरण्याला डॉक्टर फिब्रिलेशन म्हणतात. तीन-चार मिनिटांनी मेंदूला इजा होऊ लागते आणि त्यानंतर थोड्याच वेळात सारे संपते.

हे थरथरणे आपोआप थांबणे माणसात जवळजवळ अशक्यच. मग ते थांबवायचे कसे? १८९९ मध्ये जिनिव्हात प्रेव्हो आणि बातेली या दोन शास्त्रज्ञांनी एक विलक्षण गोष्ट नोंदवली होती. कुत्र्याच्या हृदयाला हलका शॉक दिला तर ते थरथरू लागते. पण त्याहून जोरदार शॉक दिला तर ते थरथरणे थांबते. गोंधळलेल्या टाळकऱ्यांना कुणीतरी जोरात दरडावून गप्प करावे, क्षणभर शांतता व्हावी आणि पखवाजवाल्याने पुन्हा पहिल्यापासून ठेका धरावा, असा हा प्रकार. ही नोंद तीस वर्षे अडगळीत पडून राहिली. हॉपकिन्सच्या मंडळींनी ती धूळ झटकून बाहेर काढली, स्वतः प्रयोग केले आणि १९३३ मध्ये जाहीर केले, की विजेने बिघडलेले हृदय विजेनेच ताळ्यावर येऊ शकते. काट्याने काटा काढावा ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. तिचा असा प्रत्यय प्रयोगशाळेत आला.

पुढची पंधरा-वीस वर्षे या कामाला गती आली नाही. १९३८ मध्ये कोवेनहोव्हन इंजिनिअरिंग विभागाचे डीन झाले. कारभार वाढला, दुसरे महायुद्ध आले. दरम्यान १९४७ मध्ये क्लीव्हलँडच्या डॉ. क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावर एका चौदा वर्षांच्या मुलाचे थरथरणारे हृदय विजेच्या धक्क्याने पूर्ववत केले. माणसाच्या बाबतीतला हा पहिला विजय. पण त्या मुलाची छाती उघडलेली होती आणि धक्का थेट हृदयाला दिलेला होता. त्या काळी हृदय बंद पडले की छाती चिरून, आत हात घालून ते मुठीने दाबणे एवढाच उपाय होता. शस्त्रक्रियागृहात हे ठीक. रस्त्याकडेच्या खांबाखाली पडलेल्या लाइनमनची छाती कोण आणि कशाने चिरणार?

निवृत्तीच्या वयातली नवी नोकरी

हा प्रश्न घेऊन वीज कंपन्या १९५० च्या सुमारास पुन्हा कोवेनहोव्हन यांच्याकडे आल्या. छाती न उघडता वरूनच धक्का देणारे आणि हलवता येईल असे यंत्र त्यांना हवे होते. तेव्हा या गृहस्थांचे वय चौसष्ट होते. आपल्याकडे या वयात माणूस पेन्शनच्या रांगेत किंवा नातवंडाचे बोट धरून बागेत दिसतो. यांनी मात्र शस्त्रक्रियेच्या विभागात एक जागा मिळवली. तिथले प्रमुख होते डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक, ज्यांनी १९४४ मध्ये जन्मतः निळ्या पडणाऱ्या बाळांवरची शस्त्रक्रिया यशस्वी करून नाव मिळवले होते. डॉक्टरांच्या त्या राज्यात एका इंजिनिअरला त्यांनी जागा दिली, ही ब्लेलॉक यांची दृष्टी. १९५४ मध्ये कोवेनहोव्हन इंजिनिअरिंगमधून निवृत्त झाले आणि पुढे शस्त्रक्रिया विभागात शिकवू लागले.

छातीवरून हृदयाला धक्का द्यायचा तर मधे कातडी, स्नायू, बरगड्या आणि फुप्फुसे. त्यातून पुरेशी वीज पोहोचली पाहिजे, पण माणूस भाजता कामा नये. दाब किती, वेळ किती, धातूच्या चकत्या कुठे ठेवायच्या, हे एकेक करून ठरवावे लागले. कोवेनहोव्हन यांच्या यंत्रातून साधारण ४८० व्होल्टचा दाब पाव सेकंदापुरता दिला जाई. आपल्या कारखान्यांतल्या तीन फेजच्या जोडणीत ४१५ व्होल्ट असतात. म्हणजे ज्या दाबाला आपण हात लावायला घाबरतो, त्याहूनही जास्त. फरक एवढाच, की इथे तो मोजून-मापून आणि नेमक्या जागी दिलेला होता. विष आणि औषध यांत मात्रेचाच तर फरक असतो.

असा बाहेरून दिलेला धक्का माणसावर यशस्वी झाल्याचे प्रथम जाहीर केले ते बोस्टनच्या डॉ. पॉल झोल यांनी, १९५६ मध्ये. कोवेनहोव्हन यांचे यंत्र त्याच सुमारास तयार झाले. वजन दोनशे पौंड, म्हणजे नव्वद किलोच्या आसपास. चाकांवर ठेवलेले कपाटच ते. त्याची कसोटी लागली ती १९५७ च्या मार्चमधल्या एका रात्री. दोनच्या सुमारास बेचाळीस वर्षांचा एक माणूस छातीतल्या दुखण्याची तक्रार घेऊन हॉपकिन्सच्या तातडीच्या विभागात आला आणि तिथेच कोसळला. कामावर असलेल्या डॉ. फ्रीसिंगर या तरुण डॉक्टरांना ते प्रयोगशाळेतले यंत्र आठवले. ते धावत वर गेले, पहारेकऱ्याची मनधरणी करून प्रयोगशाळेचे दार उघडून घेतले आणि ते धूड ढकलत खाली आणले. दोन धक्क्यांनंतर रुग्णाचे हृदय पुन्हा तालावर आले. माणूस वाचला.

त्या रात्रीने एक गोष्ट सिद्ध केली आणि दुसरी उघडी पाडली. यंत्र काम करते, हे सिद्ध झाले. पण ते जिथे असेल तिथून रुग्णापर्यंत येईतो वेळ जातो, आणि हृदय वेळ देत नाही. रुग्णालयाच्या एकाच इमारतीत ही कथा, तर खांबाखाली पडलेल्या माणसाची काय?

चकतीने सांगितलेले गुपित

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ध्यानीमनी नसताना मिळाले. गाय निकरबॉकर हा कोवेनहोव्हन यांचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी त्यांच्याबरोबर प्रयोग करीत होता. १९५८ मध्ये एके दिवशी त्याने पाहिले, की धक्का देण्याच्या जड चकत्या कुत्र्याच्या छातीवर नुसत्या दाबून धरल्या, तरी रक्तदाब दाखवणारी रेघ किंचित वर सरकते. हृदय तर थरथरत आहे, ते रक्त ढकलूच शकत नाही. मग हा दाब आला कुठून? दुसऱ्या कुणी ते यंत्राचे खोडसाळपण म्हणून सोडून दिले असते. निकरबॉकरने ते लक्षात ठेवले, आणि काट्यावर दिसते ते खरे मानणाऱ्या गुरूने ते मनावर घेतले. जेम्स ज्यूड हे तरुण शस्त्रक्रियातज्ज्ञ त्यांना येऊन मिळाले. कुठे दाबायचे, किती खोल दाबायचे, मिनिटाला किती वेळा, हे या तिघांनी चिकाटीने शोधले. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या निम्म्या भागावर ठोक्याच्या लयीत दाब दिला, तर बंद पडलेल्या हृदयातूनही मेंदूकडे थोडेफार रक्त जात राहते, असे त्यांना आढळले. यंत्र येईपर्यंत वेळ विकत घेण्याची ही युक्ती होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत डॉ. मास यांनी अशाच रीतीने रुग्ण वाचवल्याची नोंद होती, पण ती कुणाच्या लक्षात राहिली नव्हती. आता मात्र तसे झाले नाही. ९ जुलै १९६० रोजी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात कोवेनहोव्हन, ज्यूड आणि निकरबॉकर यांचा लेख आला. वीस रुग्णांची ती हकिकत होती आणि त्यांतले सत्तर टक्के कायमचे बचावले होते. या रीतीला ना शस्त्र लागते, ना शस्त्रक्रियागृह. कुठेही, कुणीही, आपल्या दोन हातांनी ती सुरू करू शकतो, हे त्या लेखाचे सार होते. त्याच वर्षी बाल्टिमोरमधलेच डॉ. पीटर साफार यांच्या तोंडावाटे श्वास देण्याच्या पद्धतीशी तिची सांगड घातली गेली आणि आज ज्याला सीपीआर म्हणतात ते जन्माला आले.

आयुष्यभर यंत्र बनवणाऱ्या माणसाच्या हातून निघालेला सर्वांत मोठा शोध असा होता, की ज्याला यंत्रच लागत नाही! पण कोवेनहोव्हन यांनी म्हणून यंत्राचा नाद सोडला नाही. हातांनी वेळ मिळतो, थरथरणे मात्र थांबत नाही, हे ते पुरते ओळखून होते. हृदयाला पुन्हा ठेका धरायला लावायचे तर विजेचा धक्का हवाच. म्हणून नव्वद किलोचे कपाट घटवत घटवत १९६१ मध्ये त्यांनी ते पंचेचाळीस पौंडांवर, म्हणजे वीस किलोवर आणले. प्रवासाच्या बॅगेत मावणारे यंत्र. लाइनमनच्या गाडीत टाकून खांबापर्यंत नेता येईल असे. ज्या प्रश्नाने १९२८ च्या सुमारास सुरुवात झाली, त्याचे उत्तर हातात यायला तेहेतीस वर्षे लागली. तेव्हा त्यांचे वय पंच्याहत्तर होते.

पुढचा रस्ता इतरांनी चालवला. बोस्टनचे डॉ. बर्नार्ड लाउन यांनी १९६२ मध्ये साठवलेल्या एकदिश विजेचा धक्का अधिक सुरक्षित असल्याचे दाखवले. त्यामुळे यंत्राला भिंतीतल्या जोडणीची गरज उरली नाही, बॅटरी पुरेशी झाली. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचे डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी जानेवारी १९६६ मध्ये मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारे सत्तर किलोचे यंत्र रुग्णवाहिकेत बसवले आणि रुग्णाला दवाखान्यात आणण्याऐवजी दवाखानाच रुग्णाकडे धाडला. दोनच वर्षांत त्यांनी ते वजन तीन किलोंच्या घरात आणले. नंतर अशी यंत्रे निघाली, की जी स्वतःच हृदयाची लय वाचतात, गरज असेल तरच धक्का देतात आणि काय करायचे ते बोलून सांगतात. भिंतीवरची ती पेटी म्हणजे हेच यंत्र. ते वापरायला डॉक्टर असावे लागत नाही.

१९६९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने कोवेनहोव्हन यांना वैद्यकशास्त्रातली मानद पदवी दिली. त्या विद्यापीठाने अशी पदवी यापूर्वी कुणालाच दिलेली नव्हती. वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी विजेचा हा मास्तर अशा रीतीने डॉक्टर झाला. १९७३ मध्ये झोल यांच्यासह त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. १० नोव्हेंबर १९७५ रोजी, नव्वदीच्या उंबरठ्यावर, बाल्टिमोरमध्ये त्यांचे निधन झाले.

चार मिनिटांचे अंतर

आता पुन्हा भिवंडीकडे वळू. २००७ मध्ये इथली वीज वितरणाची व्यवस्था खासगी कंपनीकडे गेली आणि पुष्कळ वायरी, मीटर बदलले. मागांच्या जोडीला महामार्गाच्या कडेने गोदामे उभी राहिली. पण माणसाची छाती तीच आणि चार मिनिटांचा हिशेबही तोच. शिवाय हृदय केवळ विजेच्या धक्क्यानेच थरथरते असे नाही. रक्तवाहिनी तुंबून येणाऱ्या हृदयविकाराच्या झटक्यातही तेच घडू शकते, आणि ते घरात, गाडीत, लग्नाच्या मांडवात, कुठेही घडू शकते. मराठी घरांत ज्यांचे नाव आदराने घेतले जाई ते हृदयशल्यचिकित्सक डॉ. नितू मांडके २२ मे २००३ रोजी हृदयविकाराच्या झटक्यानेच अचानक गेले. हृदयाला पद-प्रतिष्ठा कळत नाही.

मदत न मिळता जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला अशा माणसाच्या जगण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते. म्हणजे दहा-बारा मिनिटांत सारे संपले. २०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली तेव्हा तिच्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या आणि त्यांतल्या २३३ गाड्यांत अतिदक्षतेची साधने होती. ही मोठीच सोय. परंतु अंजूरफाट्यावर ट्रकांची रांग लागली असेल, गल्लीत टेम्पोतून सुताची पोती उतरत असतील, तर गाडीने तरी काय करावे? ठाणे इथून पंधरा किलोमीटर. नकाशावर ते जवळ आहे. थांबलेल्या हृदयापासून ते फार लांब आहे.

मध्यंतरी एका ठिकाणी डॉक्टरांनी रबरी पुतळ्यावर छाती दाबण्याचे प्रात्यक्षिक ठेवले होते. मीही करून पाहिले. दोन मिनिटांत दंड भरून आले. माझ्यानंतर एक मागवाला पुढे झाला. बारा तास मागावर उभ्या राहणाऱ्या त्या माणसाचे हात न थकता एका लयीत चालले होते. मला वाटले, लय म्हणजे काय हे या शहराला कुणी शिकवायला नको. शिकवायचे आहे ते एवढेच, की ही लय कुठे वापरायची.

ते फार अवघड नाही. शॉक लागलेल्या माणसाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा. तो हाक मारून, हलवून उठत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर एकाने १०८ ला फोन लावावा. दुसऱ्याने त्याला कठीण जमिनीवर उताणे निजवून, छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवून, कोपर न वाकवता दाबायला सुरुवात करावी. मोठ्या माणसाची छाती निदान पाच सेंटिमीटर दबावी, पण सहाच्या पुढे नको. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दमलात तर दुसऱ्याने जागा घ्यावी, पण दाब थांबू नये. कुणाला श्वास देता येत असेल तर उत्तमच. नसेल तर नुसता दाबही चालेल. आणि जवळ ती पेटी असेल, तर कुणीतरी धावत जाऊन आणावी, उघडावी आणि ती सांगेल तसे करावे. गरज नसेल तर ती धक्का देतच नाही.

पेटी महाग आहे, हे खरे. एकेका छोट्या मागवाल्याला ती परवडणार नाही. पण वीस-पंचवीस कारखान्यांच्या गल्लीला मिळून एक, एका गोदाम-संकुलाला एक, बसस्थानकाला एक, एवढे तरी करता येणार नाही का? आग विझवायची लाल नळकांडी आपण कायद्याच्या धाकाने का होईना, भिंतीला लावतोच. गणपतीला वर्गणी काढणारी मंडळे, मोहरमला सरबत वाटणारे मोहल्ले, व्यापाऱ्यांच्या संघटना यांना हे काम जड नाही. पेटी येईल तेव्हा येईल. हात तर आजही आहेत, आणि ते शिकवायला एक दुपार पुरते.

एका सधन देशातल्या वीज कंपन्यांनी आपल्या मजुरांच्या मरणाचा हिशेब मागितला आणि एका इंजिनिअरने तो तेहेतीस वर्षे मांडला. त्यातून साऱ्या जगाला दोन गोष्टी मिळाल्या. त्या मूळच्या कामगारांसाठी होत्या; वाटेत त्या विमानतळावर आणि मॉलमध्ये जाऊन बसल्या. त्या परत कामगाराच्या जागी, जिथे कापसाची धूळ उडते आणि वायरी लोंबतात तिथे आणणे, हे आता आपले काम आहे.